उज्ज्वलाताईला विचारायचं होतं

सकाळी फाटकातून उज्ज्वलाची स्कूटी आत आली की शेडमधल्या सगळ्या बायका मान न वळवता तिच्याकडे बघत. ही एक कलाच आहे, आणि ज्याने लहरी माणसाबरोबर एक अख्खा सीझन काढलेला नाही त्याला ती जमायची नाही. स्कूटी शेवग्याच्या सावलीत नीट लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि पाठोपाठ "झाला का गं चहा?" असा आवाज आला, की समजायचं आज दिवस सोन्याचा. स्कूटी पाण्याच्या टाकीपाशी वाकडीतिकडी टाकली आणि तोंडावरचा स्कार्फ न सोडताच बाई टेबलाकडे निघाली, की सगळ्या आपापल्या ट्रेमध्ये तोंडं खुपसत. त्या दिवशी मग खोकलासुद्धा दाबून खोकायचा. टेबलं लांब असतील तर हेही चालून जायचं. अश्विनी मात्र तिच्या अगदी समोर बसायची.

आळेफाट्याहून नारायणगावकडे निघालं की वाटेत बाळासाहेबांची ही रोपवाटिका लागते. तिथे टोमॅटोची कलमं बांधतात. खाली रानवांग्याचा खुंट, वर टोमॅटोचा शेंडा. एकीने खुंट तिरका कापायचा, दुसरीने शेंडा तेवढ्याच तिरक्या अंगाने कापून त्यावर बसवायचा आणि बारीकशी क्लिप लावायची. दोघींचे काप एकमेकींशी जुळले तर कलम धरतं, नाहीतर दमट खोलीत जाऊन चार दिवसांत मान टाकतं. त्यामुळे काम जोडीने चालतं, मजुरीही जोडीला ट्रेमागे मिळते, आणि एकदा हाताला हात बसला की मालक ती जोडी मोडत नाही. एक आली नाही की दुसरीचा दिवस रिकामा जातो, तिला माती भरायला बसावं लागतं. यातूनच तिथे एक रीत पडून गेली होती. रजा मालकाला मागायची नाही, आधी जोडीदारणीला विचारायची. तिने हो म्हटलं की मालकाचं हो धरूनच चालायचं.

रीत वाईट नव्हती. बायकांनी बायकांच्या अडचणीसाठीच काढलेली होती. पण जोडीदारीण उज्ज्वला असली तर काय करायचं, हे काही कुणी ठरवून ठेवलं नव्हतं.

अश्विनीच्या आधी त्या खुर्चीवर नूतन बसायची. भावाच्या साखरपुड्याला ती न विचारता दोन दिवस गेली. परत आली तर उज्ज्वला तिच्याशी बोलेना. बोलेना म्हणजे अक्षर नाही. ब्लेड हवं असलं की बोट दाखवायची, पाणी हवं असलं की स्वतः उठायची. भांडण झालं असतं तर नूतनने चार शिव्या देऊन मोकळं केलं असतं, पण गप्प माणसाशी भांडणार कसं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. महिना सरायच्या आत नूतन मार्केटला टोमॅटो निवडायच्या कामाला निघून गेली आणि तिच्या रिकाम्या खुर्चीवर अश्विनी आली. त्याआधी वर्षभर अश्विनी उन्हात उभी राहून ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, भरत होती, हाताची साल निघेपर्यंत. तिला ही खुर्ची म्हणजे लॉटरी वाटली होती. सावली, बसून काम, वर चार पैसे जास्त. नूतनचं काय झालं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मनाशी ठरवून टाकलं होतं, की आपण अशी वेळ येऊच द्यायची नाही.

आता उज्ज्वला वाईट होती म्हणावं, तर तेही नाही. लोणीकडची, चांगल्या बागायतदार घरातली बाई. घरात काय कमी होतं आणि ती इथे कशाला यायची, यावर शेडमध्ये तर्क चालायचे. कुणी म्हणे जावांशी पटत नाही, कुणी म्हणे नवऱ्याचं काहीतरी आहे. खरं कुणालाच माहीत नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. पण बाईचा हात असा, की तिने कापलेला खुंट शंभरातला एखादाच वाया जायचा. आणि चांगल्या दिवशी तिच्यासारखी दुसरी नाही. अश्विनीच्या बोटात ब्लेड घुसलं तेव्हा उज्ज्वलाने स्वतःच्या स्कार्फची चिंधी फाडून बांधली होती. संक्रांतीला तिच्यासाठी बांगड्या आणल्या होत्या. ती बोलायला लागली की मन भरून यायचं, आणि ती गप्प झाली की आपलं काय चुकलं ते शोधण्यात दिवस जायचा. बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसायचं. तरी अश्विनी शोधायची.

माघात संपतचा फोन आला. संपत म्हणजे अश्विनीचा भाऊ. शिनोलीच्याही वर, डोंगराच्या अंगाला त्यांची वाडी आहे. तिथे तो आणि म्हातारी आई ठकूबाई असे दोघंच राहतात.

"आयेच्या पायात भाताचं धसकट घुसलंय," संपत म्हणाला. "भाताचा राब भाजाया डहाळं वाहत व्हती, तवा. आठ-धा रोज झालं. पाला बांधतीया. जखम चिघळलीय आन दुखत नाय म्हनती."

"दुखत नाय तर बरंच हाय की."

"बरं कसलं? मेडिकलवाला म्हनला, साखर असनाऱ्याचं दुखत नसलं तर त्येच वाईट. दर गुरवारी शिनोलीला डाक्टर येतोय, साखरवाल्यांचं पाय बघनारा. मी म्हनलं चल, तर तुझ्याबिगर यायची नाय म्हनती. उचलून नेतो म्हनलं तर कोयता दावला मला."

अश्विनीला हसू आलं आणि लगेच काळजीही वाटली. आईचं हे जुनंच होतं. अश्विनी बारावी शिकलेली, डॉक्टरचं बोलणं तिला कळतं, ती सोबत असली की कुणी आपल्याला फसवणार नाही, असं म्हातारीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. लेकावर तिचा जीव होता, पण भरवसा लेकीवर होता.

"बुधवारी सांजच्याला ये," संपत म्हणाला. "गुरवारी दावू आन तू दुपारच्या यष्टीनं माघारी जा. एक दिसाचं काम."

एक दिवसाचं काम. अश्विनीचा नवरा सूरज आळेफाट्याला गॅरेजात होता. तोही रात्री जेवताना तेच म्हणाला. "त्यात काय एवढं? तोंड हाय ना? इचार सरळ."

"तुमचं बरंय," अश्विनी म्हणाली. "तुमच्या गॅरेजातलं पानं-पक्कड रुसत न्हाईत."

तो बुधवार उजाडला आणि स्कूटी टाकीपाशी पडली.

स्कार्फ न सोडताच उज्ज्वला खुर्चीवर बसली, ब्लेड मोडून नवं लावलं आणि कापायला सुरुवात केली. अश्विनीने समोर शेंडे मांडले. सगळं वाक्य तिने सकाळी चूल पेटवतानाच पाठ केलं होतं. ताई, उद्याचा एक दिवस मला सोडाल का, आईचा पाय लई दुखावलाय. दहा-बारा शब्दांचं वाक्य. पहिला ट्रे झाला, दुसरा झाला. वाक्य घशापर्यंत यायचं आणि उज्ज्वलाच्या भुवया बघून परत खाली जायचं.

चहाच्या वेळी नळावर लंकाबाई ट्रे धूत होती. शेडमधली सगळ्यात जुनी बाई, सगळ्यांची मावशी. अश्विनीने तिच्या कानावर घातलं.

"आज नगं गं पोरी," लंकाबाई म्हणाली. "आज तिच्या तोंडी लागू नगं. वारा बघून पाठ द्यावी मानसानं. उद्या-परवा निवळंल, तवा इचार. मग एकाचं दोन दिस दील ती."

"पन डाक्टर उद्याच येतो, मावशी. मग एकदम पुढल्या गुरवारी."

"आगं पायालाच लागलंय ना? आमी काय कमी लागून घेतलंय? हळद भर म्हनावं."

तिने मनापासूनच सांगितलं. अशा माणसांच्या आजूबाजूला हिताचं सांगणारे पुष्कळ असतात, आणि सगळे एकच सांगतात: आज नको.

अश्विनी मग धीर करून बाळासाहेबांच्या केबिनमध्ये गेली. ते फोनवर कुणाला तरी रोपांचा भाव सांगत होते. फोन ठेवून म्हणाले, "बोल."

"भाऊ, उद्याच्या दिस सुट्टी पायजे व्हती. आईला दवाखान्यात न्यायचंय."

"ने की. माझी काय ना न्हाई. उज्ज्वलाला इचारलंस का?"

"न्हाई अजून. तुमीच सांगितलं असतं तर..."

बाळासाहेबांनी काचेतून टेबलाकडे एक नजर टाकली. पाच एकरांचा मालक, दोन टेम्पो दारात उभे, पण त्या नजरेत आणि लंकाबाईच्या नजरेत अश्विनीला काडीचाही फरक दिसला नाही. "ते तुमचं तुमी ठरवा बाई," ते आवाज खाली आणून म्हणाले. "ऐन सीझन हाय. तिला बिघडवू नको. तिच्यासारखा हात मला तालुक्यात मिळायचा न्हाई." दुभत्या गाईच्या लाथा गोड. फक्त त्या लाथा बसायच्या दुसऱ्याला.

दुपारी जेवणानंतर अश्विनीने शेवटचा प्रयत्न केला. तिने शेंडा खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाली, "ताई..."

उज्ज्वलाने मान वर केली. "काय?"

ती रागाने म्हणाली नव्हती. नुसतंच म्हणाली होती, पण त्या एका शब्दात दार बंद केल्यासारखं काहीतरी होतं. अश्विनीच्या डोळ्यांपुढे नूतन आली, बोटाने ब्लेड दाखवणारी उज्ज्वला आली, कोकोपीटचा ढीग आला.

"क्लिपा संपत आल्यात," अश्विनी म्हणाली. "घेऊन येते."

डबा अर्धा भरलेला होता. उज्ज्वलाने डब्याकडे बघितलं, अश्विनीकडे बघितलं आणि परत खाली मान घातली. अश्विनी गोदामात जाऊन पोत्यांच्या आड उभी राहिली आणि स्वतःच्या गालात मारावीशी वाटावी इतकी तिला स्वतःची चीड आली. कुणी तिचा गळा दाबला नव्हता. कुणी धमकी दिली नव्हती. तरी तिला तोंड उघडता आलं नव्हतं. तिथूनच तिने संपतला फोन लावला आणि पुढल्या गुरुवारी नक्की येते म्हणून सांगितलं.

"सुट्टी देत नाय का?" संपतने विचारलं.

"हा," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार?

मागून आईचा आवाज आला, "येऊ दे रं तिला सवडीनं. मला काय धाड भरलीया!"

ते सात दिवस उज्ज्वला तशीच होती. कधी थोडी सैल, कधी पुन्हा ताणलेली. अश्विनी घरी गेली तरी टेबलावरच असायची. भाकरी थापताना ती उद्याच्या स्कूटीचा अंदाज बांधायची. सूरज काही बोलला की तिला ऐकूच यायचं नाही. मग तो म्हणायचा, "आता तुझाबी मूड गेला का?" आणि तिला एकदम रडू यायचं. संपतचा रोज फोन असायचा. पायाला सूज आली होती, पण म्हातारी चालत होती. पाणवठ्यावर जाऊन हंडासुद्धा आणला म्हणे तिने. हे ऐकून अश्विनीने स्वतःची समजूत काढली, की चालतेय म्हणजे फार काही नसेल. माणसाला हवं ते खरं मानायला फार कारण लागत नाही.

दुसरा बुधवार आला आणि काय नवल! स्कूटी शेवग्याच्या सावलीत लागली. हेल्मेट आरशाला लटकलं.

"झाला का गं चहा? थांबा, थांबा, आज चहावर भागायचं न्हाई."

उज्ज्वलाने घरून मोठा डबाभर मासवड्या आणि किटलीत रस्सा आणला होता. शेडमध्ये दिवाळी झाली. ती बाळासाहेबांची नक्कल करत होती, फोन कानाला लावून भाव सांगायची, आणि बायका हसून हसून ट्रेवर पडत होत्या. लंकाबाईला तिने हाताने भरवलं. लंकाबाईने खाता खाता अश्विनीला कोपराने ढोसलं आणि डोळ्याने खुणावलं, की आता! तवा तापलाय, पोळी भाजून घे.

आणि अश्विनीला वाटलं, आता कसं विचारू?

ज्यांना हे कळणार नाही ते भाग्यवान. इतक्या दिवसांनी बाई हसत होती. सगळ्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. आता आपण रजेचं काढलं आणि तिचा चेहरा पडला तर? सगळ्या म्हणतील, अश्विनीने घालवलं. जेवण होऊ दे, ती स्वतःशी म्हणाली. जेवण झालं. मग हा ट्रे होऊ दे. उज्ज्वला गुणगुणत कापत होती, हात पाण्यासारखा चालत होता, आणि अश्विनीचाही हात तिच्या मागे पळत होता. मधेच उज्ज्वला थांबली, समोर बघून हसली आणि म्हणाली, "काय गं, आज आपला हात कसा बसलाय बघ! उद्या लवकर ये. उद्या दोघी मिळून असं काम काढू की बाळासाहेबाची बोलती बंद. तू हायेस म्हनून गं मला काम करावंसं वाटतं. तू त्या नूतनसारखी न्हाईस. ती एक, मेली, कवा येईल कवा न्हाई, भरवसाच नसायचा."

अश्विनीच्या तोंडात वाक्य तयार होतं. जिभेवर होतं. लंकाबाई लांबून बघत होती.

"येते, ताई," अश्विनी म्हणाली. "लवकर येते उद्या."

गुरुवारी तिने खरोखरच जीव तोडून काम केलं. त्या वेळी शिनोलीत डॉक्टर आला असेल, बायाबापड्या रांगेत बसल्या असतील, आणि आपली आई वाडीत उंबऱ्यावर बसून पायाला पाला बांधत असेल, हे तिला प्रत्येक कापागणिक दिसत होतं. संध्याकाळी उज्ज्वलाने तिच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेने तिला बरं वाटलं. हीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटायला लावणारी गोष्ट ठरली, की तेव्हा तिला खरंच बरं वाटलं होतं.

शुक्रवारी स्कूटी पुन्हा टाकीपाशी पडली. का, ते देवाला ठाऊक. रविवारी रोपवाटिका बंद असायची. आधीचा रविवार अश्विनीने डॉक्टर गुरुवारीच येतो म्हणून घालवला होता; या रविवारी तिने वाडीला जायचं ठरवलंही होतं, पण शनिवारीच निरोप आला की मोठी ऑर्डर आहे, रविवारी सगळ्यांनी यायचं. सोमवारी सकाळी काम चालू असताना तिचा फोन थरथरला. संपतचा आवाज ओळखू येईना.

"बोटं काळी पडल्यात," तो म्हणाला. "वास सुटलाय घरात. ती आता बोलत बी नाय नीट, अंग भट्टीवानी तापलंय. मी खाली रस्त्याला जीप आनलीय. मंचरला नेतोय. तू ये."

अश्विनी उठली. हातातला शेंडा टेबलावर ठेवला, पिशवी घेतली आणि चालायला लागली. तिने विचारलं नाही, सांगितलं नाही. उज्ज्वलाने मान वर केली असेल किंवा नसेल, तिने बघितलंही नाही. फाटकाबाहेर आली, हात केला, एसटी थांबली आणि ती चढली. एवढंच होतं ते. खिडकीपाशी बसल्यावर तिला कळलं, की निघून येणं इतकं सोपं होतं. आभाळ कोसळलं नव्हतं. कोणी मागे धावलं नव्हतं. हे दोन आठवड्यांपूर्वीही इतकंच सोपं होतं. नारायणगाव येईपर्यंत ती तोंडात पदर कोंबून रडत होती आणि शेजारचा म्हातारा पुन्हा पुन्हा विचारत होता, "काय झालं ताई? कोन गेलं का?"

मंचरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. नीट समजावून सांगितलं, रागावले नाहीत. विष वर चढलं होतं. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, नाहीतर जीव जाईल. आधी आणलं असतं तर बोटांवर भागलं असतं का, असं अश्विनीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, कदाचित बोटंसुद्धा राहिली असती. सही अश्विनीनेच केली. आईला तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा भरवसा नव्हता ना.

ठकूबाई जगली. चिवट हाड. पण शुद्धीवर आल्यावर तिने चादरीखाली हात घालून बघितलं आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. त्यांच्या वाडीला गाडीरस्ता नाही. घर चढावर, पाणी उतारावर, शेत त्याच्याही खाली. तिथलं सगळं जगणं पायावर चालतं. जन्मभर त्या वाटेवर चढउतार केलेली बाई, तिथे राहिली तर आता ओसरीवर बसून कुणी पाणी आणतंय का म्हणून बघत बसणार होती. संपत भिंतीला टेकून बसला होता आणि अश्विनीकडे बघत नव्हता.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी वॉर्डाच्या दारात उज्ज्वला उभी राहिली. हातात डबा, फळांची पिशवी, डोक्यावर पदर. लोणीहून मंचर तिला जवळच. आत आली आणि तिने सगळा वॉर्ड ताब्यात घेतला. नर्सला "ताई, दमलात हो तुमी" म्हणाली, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची उशी नीट केली, संपतला बळजबरीने जेवायला बसवलं. ठकूबाईचे केस विंचरून घट्ट बुचडा बांधून दिला आणि तिला मऊ भात भरवला. म्हातारी दोन दिवसांत पहिल्यांदा जेवली. भरवता भरवता उज्ज्वलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते पाणी खोटं नव्हतं.

मग तिने अश्विनीला बाहेर व्हरांड्यात ओढलं.

"आगं, मला का न्हाई सांगितलंस? तुझ्या नवऱ्यानं लंकाबाईला कळवलं आन तिनं सांगितलं, तवा कळलं मला. दोन गुरवार? दोन गुरवार तू गप बसलीस? एक शबूद बोलली असतीस, मी न्हाई म्हनले असते का? मी काय रागीट बाई वाटले का तुला?"

अश्विनी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला ओरडायचं होतं. तुमची स्कूटी कुठं लागते ते बघून आमी श्वास घेतो, हे तिला सांगायचं होतं. नूतनचं नाव घ्यायचं होतं. पण उज्ज्वलाचे डोळे रडून सुजले होते, तिने अश्विनीचे दोन्ही हात हातात घेतले होते, आणि अश्विनीच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता काही बोलले तर हिला वाईट वाटेल. सोमवारी परत हिच्या समोर बसायचंय. दवाखान्याचं बिल आहे, आईला आता आळेफाट्याच्या आपल्या एका खोलीत आणावं लागेल.

"न्हाई ताई," ती म्हणाली. "तसं न्हाई. माझंच चुकलं."

"येडी गं येडी," उज्ज्वला म्हणाली आणि तिला मिठीत घेतलं. त्या मिठीत अश्विनीला आपण कुठे तरी खोल विहिरीत उतरत चाललोय असं वाटलं.

उज्ज्वला गेल्यावर ती आत आली आणि खाटेच्या कडेला बसली. ठकूबाई विंचरलेल्या केसांवरून हात फिरवत होती.

"हीच का तुझी जोडीदारीन?"

"हा."

"लई मायाळू बाय हाय गं. माझी कोन ना कोनाची, पन कशी भरवीत व्हती." म्हातारीने उशी पाठीशी ओढली. "संपत म्हनायचा, ताईला सुट्टी देत नाय. मी म्हनायची, कंपनी लई कडक आसल. मालक खाष्ट आसल."

अश्विनीने चादरीचं टोक सरळ केलं.

"मालक नाय म्हनला व्हय?"

"नाय. तो म्हनला, जोडीदारनीला इचार."

"मंग ही नाय म्हनली? ही तर नाय म्हननारी वाटत नाय."

"तिचा मूड चांगला नव्हता, आये. ती गप असायची."

"आजारी व्हती?"

"नाय."

"मंग? तू इचारलंस आन ती गप बसली?"

"मी इचारलंच नाय."

म्हातारीने लेकीकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर अश्विनीने तो आनंदाने घेतला असता. पण तिथे राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. डोंगरात पाऊस आला तर नाला अडवतो, दरड पडली तर वाट अडते, जंगलखात्याचा साहेब आला तर तो माणसाला अडवतो. काहीतरी आडवं असल्याशिवाय माणूस थांबत नाही, एवढं तिला माहीत होतं, आणि ते आडवं काय होतं तेवढंच ती विचारत होती.

"मंग नाय कोन म्हनलं गं?"

अश्विनीने खूप शोधलं. लंकाबाई नाही म्हणाली नव्हती. बाळासाहेब नाही म्हणाले नव्हते. उज्ज्वला तर आत्ताच रडून गेली होती.

"कोनीच नाय, आये."

ठकूबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली, ती अजून काहीतरी सांगेल म्हणून.